देव एक, बाप्तिस्मा एक. मग दाखल्यावरून वाद कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने ख्रिस्ती समाजाला उद्देशून दोन प्रश्न विचारले होते. ख्रिस्ती लोक एक देव मानतात की तीन, हा पहिला. आणि एकच मानत असतील, तर एकेका तालुक्याच्या गावात त्यांची सहा-सहा चर्चेस कशासाठी, हा दुसरा. प्रश्नांचा रोख थोडा चिमटा काढण्याचा होता, पण प्रश्न रास्त आहेत. आमच्यापैकी पुष्कळांना त्यांची उत्तरे देता येत नाहीत, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांना ठाऊक आहे ते देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

पहिल्या प्रश्नात संदिग्ध काही नाही. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले, तेव्हा त्याने उत्तराची सुरुवात मोशेच्या नियमशास्त्रातील घोषणेनेच केली: देव एकच आहे, आणि त्याच्यावर पूर्ण मनाने प्रीती करायची. ज्या यहुदी लोकांत ख्रिस्ती विश्वास जन्मला, ते मूर्तीपुढे न झुकण्यासाठी जीव द्यायला तयार होते. त्यांतलेच मच्छीमार आणि जकातदार येशूचे शिष्य झाले आणि देव एकच, हे सोडून देण्याची गरज त्यांना कधी वाटली नाही. पुढे इ. स. ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील नायसिया या गावी बिशपांची परिषद भरली. तिच्यापुढचा वाद देव किती, हा नव्हताच. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र हा निर्माण केलेला आहे, तो नव्हता असा एक काळ होता. परिषदेने ते नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. तेथे तयार झालेल्या आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत विस्तारलेल्या विश्वासांगीकाराचे, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीचे, पहिलेच वाक्य एका देवावरील विश्वासाचे आहे. २०२५ साली नायसियाच्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मार थोमा अशा एकमेकांपासून दूर गेलेल्या मंडळ्या, म्हणजे चर्चेस, आजही हाच अंगीकार मान्य करतात. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पिता व पुत्र या दोघांपासून, या एका शब्दाच्या भरीवरून पूर्व आणि पश्चिमेतील मंडळ्यांत शतकानुशतके कडवटपणा राहिला, हे खरे. पण त्या भांडणातही देव एकच, यावर दोन्ही बाजूंचे एकमत होते.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत समजायला अवघड आहे आणि आम्ही तो आणखी अवघड करून ठेवतो. शब्बाथ शाळेत मुलांना पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला देऊन ‘तिन्ही एकच’ असे सांगतात. दाखला सोपा आहे, पण त्यातून जे निघते ते तिसऱ्या शतकातील सबेलियसचे मत: एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा असे सोंग घेतो. ते मत मंडळीने तेव्हाच फेटाळले होते. दुसरीकडे, हिंदू शेजाऱ्याला समजावे म्हणून काही उपदेशक ब्रह्मा-विष्णू-महेश यांचे नाव घेतात. त्याने शेजाऱ्याचे समाधान होत असेल, पण त्याच्या श्रद्धेवरही अन्याय होतो आणि आपल्याही. जे पूर्णपणे उलगडत नाही ते उलगडत नाही असे सांगण्यात कमीपणा नाही.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्रैक्याचा सिद्धांत त्यांनी निमूटपणे गिळला नाही. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा वाद पानोपानी दिसतो. अनेक देवदेवता मागे टाकून, ब्राह्मो विचारांच्या वाटेने ज्या बाई एका देवापर्यंत आल्या, त्यांनी ‘एकात तीन’ हे ऐकताच सावध व्हावे, यात नवल ते काय? बाप्तिस्मा घेतला म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे म्हणणे शब्दशः मान्य केलेच पाहिजे, ही अपेक्षा त्यांनी ठामपणे नाकारली. आपला विवेक आपण बिशपांच्या स्वाधीन केलेला नाही, हे सांगताना त्या जराही बिचकल्या नाहीत. ख्रिस्ती देशांत पंथांचा जो गोंधळ त्यांना दिसला, त्याने त्या चक्रावून गेल्या होत्या, हे त्यांनी पुढे स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवले आहे. येशूच्या देवत्वाबद्दलची त्यांची शंका कालांतराने फिटली, पंथांबद्दलची नाराजी मात्र फिटली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनला त्यांनी कोणत्याही एका पंथाचे शेपूट लावले नाही, आणि नाना मंडळ्यांचे लोक तिथे खांद्याला खांदा लावून काम करत राहिले. आपल्या वाचकाचे दोन्ही प्रश्न, म्हणजे देवाच्या एकत्वाचा आणि विश्वासणाऱ्यांच्या फाटाफुटीचा, एका मराठी बाईने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारलेले आहेत, आणि आजच्या वाचकापेक्षा कितीतरी धारदार भाषेत विचारलेले आहेत.

आता दुसरा प्रश्न. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला ‘तू सीएनआय का, मेथडिस्ट का, नाझरीन का’ असे विचारले, तर दहातले नऊ जण खरे उत्तर देऊ शकणार नाहीत, कारण त्यांच्या आजोबा-पणजोबांनी पंथांची तुलना करून निवड केलीच नव्हती. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात मिशन संस्थांनी आपसांत मुलूख वाटून घेतला होता. नगर आणि सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, म्हणून तिथले ख्रिस्ती काँग्रिगेशनल; कोल्हापूर, सांगली, मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन; पुणे, जालना, नागपूरकडे स्कॉटलंडचे मिशन; बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन; अकोला-अमरावतीकडे अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स). नकाशावरची रेघ ज्या गावावरून गेली, त्या गावाचा पंथ ठरला. नगर जिल्ह्यात तर अमेरिकनांच्या मागोमाग अँग्लिकनांचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, एसपीजी मिशन आले, जर्मन जेझुइट फादर आले, आणि एकाच गावकुसाबाहेरच्या एकाच भावकीत तीन मंडळ्या झाल्या. सख्ख्या चुलत भावांपैकी एक अमेरिकन मिशनचा, एक एसपीजीचा, एक कॅथलिक, अशी घरे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यांच्यात देवाविषयी मतभेद होता म्हणून ते वेगळे झाले, असे कोणी म्हणत असेल तर त्याने आमच्या वाड्या-वस्त्या पाहिलेल्या नाहीत.

उलट, वरून लादलेली ही रेघ खालच्या माणसांनी कधी फारशी मनावर घेतली नाही. नारायण वामन टिळकांची पदे कोणत्या चर्चची आहेत, असा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनातही येत नाही. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक काखेत मारून एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत गेले तरी सूर तोच लागतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत अमेरिकन मिशनकडे झाला. पण आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी मिशनचा पगार आणि चाकोरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसता यावे म्हणून. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबार मोडला. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते, ती कॅथलिकांची. पण श्रीरामपूरकडून पायी निघालेल्या गर्दीत सीएनआयचे किती, स्वतंत्र मंडळ्यांचे किती आणि हिंदू किती, हे कोणी मोजत नाही. ज्या प्रॉटेस्टंट पाळकांना मरियेचा सन्मान पटत नाही, त्यांच्याच मंडळीतल्या म्हाताऱ्या बाया मेणबत्तीचे पुडे घेऊन तिथे रांगेत उभ्या असतात. ते योग्य की अयोग्य, हा वाद मी इथे काढत नाही; लोक चालतात कसे, एवढेच सांगतो आहे.

मंडळ्यांनी अधिकृतपणे एकत्र येण्याचा मोठा प्रयत्नही आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे, आणि बिगरख्रिस्ती वाचकांना तो बहुधा ठाऊक नसतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालू होती. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले होते, तिथेही १९१९ च्या तरंगमबाडी परिषदेपासून जवळपास तीन दशके गेली. पण नागपूरची गोष्ट एका बाबतीत अधिक अवघड होती, कारण इथे बॅप्टिस्ट होते. बॅप्टिस्ट मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने जाणतेपणी विश्वास कबूल करावा आणि मग पाण्यात उतरावे, असे ते मानतात. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन पिढ्यान्‌पिढ्या बालकांचा बाप्तिस्मा करत आलेले. यातून वाट अशी काढली की दोन्ही पद्धती एकाच मंडळीत मान्य राहतील. ज्या पाळकाच्या सद्सद्विवेकबुद्धीला बालबाप्तिस्मा पटत नाही, त्याच्यावर तो करण्याची सक्ती होणार नाही, पण दुसऱ्या पाळकाने केलेला बाप्तिस्मा त्यालाही मानावा लागेल. जे जमणे अवघड वाटत होते ते नागपुरात जमले. दक्षिण आशियातील मेथडिस्ट मंडळी मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर मागे फिरली आणि आजही वेगळी आहे. त्याचे दुःख मी समजू शकतो. तरीही जे झाले ते लहान नव्हते.

मग १९७० नंतर एकी वाढली का? इथे मला कडू बोलावे लागेल. मंडळ्या एक झाल्या, पण त्यांच्या जमिनी, शाळा, दवाखाने आणि बंगले वेगवेगळ्या ट्रस्टांच्या नावावर होते. देवाचे एकत्व कबूल करायला मिनिटभर पुरते, सातबाऱ्यावरचे नाव बदलायला पिढी जाते. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्त बदलल्याचे ‘चेंज रिपोर्ट’ दाखल होतात, त्यांना हरकती येतात, दोन-दोन कमिट्या आपणच खऱ्या असल्याचे प्रतिज्ञापत्रावर सांगतात, आणि रविवारी त्याच कमिट्यांतले लोक एकाच बाकावर बसून प्रभूची प्रार्थना म्हणतात. नागपूरच्या सहा मंडळ्यांपैकी एक असलेल्या चर्च ऑफ द ब्रदरनच्या गुजरातमधील मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली निकाल लागला. विलीनीकरणाचा ठराव करणे वेगळे आणि कायद्याने घालून दिलेल्या मार्गाने संस्था विलीन होणे वेगळे, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. विश्वासाने जोडलेले कागदाने तुटू शकते, हे आमच्या पुढाऱ्यांनी तेव्हाच ओळखायला हवे होते. म्हणून ‘सगळ्या मंडळ्यांचे एकच चर्च करा’ अशी जी मागणी अधूनमधून व्यासपीठावरून होते, तिला माझा पाठिंबा नाही. एक बिशप, एक ट्रस्ट, एक तिजोरी झाली की भांडण मिटत नाही, ते फक्त आकाराने मोठे होते.

माझ्या मते गरज त्याहून लहान आणि म्हणूनच अधिक अडचणीच्या गोष्टीची आहे. इफिसकरांस लिहिताना पौल एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा आणि सर्वांचा एक देव व पिता असे एका दमात सांगतो. त्यातले पहिले, दुसरे आणि चौथे आम्हाला मान्य आहे. तिसऱ्यापाशी गाडी अडते. माझ्या नात्यातील एका मुलीचे लग्न ठरले. तिचा बाप्तिस्मा ती दोन महिन्यांची असताना झालेला, दृढीकरण (जाणतेपणी विश्वास कबूल करण्याचा विधी) सोळाव्या वर्षी, दोन्हींची नोंद मंडळीच्या रजिस्टरात, पाळकांच्या सही-शिक्क्यासह दाखला हातात. मुलगा एका स्वतंत्र मंडळीचा. उपासनेत लग्नाची सूचना वाचण्याआधी तिथल्या पाळकांनी दाखला पाहिला, घडी घालून परत दिला आणि ‘हा चालणार नाही, बहिणीला पाण्यातून जावे लागेल’ असे सांगितले. बोअरच्या पाण्याने भरलेल्या एका शेततळ्यात, काळ्या प्लास्टिकवर पाय घसरू नये म्हणून दोघींनी धरून, तिला पुन्हा बुडवण्यात आले. मुलगी काही बोलली नाही. तिचे वडील, ज्यांनी तिला तान्हेपणी वेदीपुढे धरले होते, ते त्या दिवशी तळ्यावर गेले नाहीत. आपल्या मुलीला इतकी वर्षे ख्रिस्ती म्हणून वाढवले ते कोणत्या नात्याने, एवढेच त्यांनी मला विचारले.

त्या पाळकांचे म्हणणे मला समजते. त्यांच्या मते बालपणीचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, तेव्हा तो पुन्हा देण्याचा प्रश्नच येत नाही. बॅप्टिस्टांचेही नागपूरच्या आधी हेच म्हणणे होते, आणि ते सोडून न देताही त्यांना दुसऱ्याच्या बाप्तिस्म्याचा मान ठेवता आला. जागतिक चर्च परिषदेच्या ‘फेथ अँड ऑर्डर’ आयोगाने १९८२ साली पेरूमधील लिमा येथे मांडलेल्या दस्तऐवजात बाप्तिस्मा पुन्हा करता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली इतर मंडळ्यांत योग्य रीतीने झालेला बाप्तिस्मा मान्य केला, आणि आज सीएनआयमधून कॅथलिक मंडळीत जाणाऱ्या माणसाला पुन्हा स्नानसंस्कार देत नाहीत. जर्मनीत ११ मंडळ्यांनी २९ एप्रिल २००७ रोजी माग्डेबर्गच्या कॅथेड्रलमध्ये एकमेकींच्या बाप्तिस्म्याला मान्यता देणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. त्यांत कॅथलिक होते, लुथरन होते, ऑर्थोडॉक्स होते. ते निवेदन अगदी आटोपशीर आहे. त्यासाठी कोणाला आपला बिशप किंवा आपली जमीन सोडावी लागली नाही. बॅप्टिस्टांनी तिथे सही केली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण अडचण खरी आहे आणि ती गोड बोलून संपणार नाही.

त्याहून खरी अडचण एका गटाबाबत आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने नव्हे, तर केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा द्यावा, असे मानणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या आहेत. देवाचे एकत्व त्रैक्याशिवायच नीट सांगता येते, असे त्यांचे मत. अमेरिकेत असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल मंडळीत १९१६ साली याच कारणावरून फूट पडली. वर मांडलेला सगळा सलोख्याचा मार्ग नायसियाच्या अंगीकारावर उभा असल्याने, या मंडळ्यांशी बाप्तिस्म्याबद्दलचा करार आज होणे शक्य नाही, आणि तो झाल्यासारखे दाखवूही नये. शेजार, प्रार्थना आणि आजाऱ्याची विचारपूस यांना मात्र करार लागत नाही.

कबरस्तानाबद्दल दोन वाक्ये. बऱ्याच गावांत ख्रिस्ती समाजाला एकच दफनभूमी आहे, ती बहुधा जुन्या मिशनच्या नावावर आहे, आणि किल्ली एका कमिटीकडे असते. मृताची ‘मंबरशिप’ आणि थकलेली वर्गणी हे विषय प्रेत घरात असताना निघतात, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नसेल. याकोबाच्या पत्रात एक झोंबणारे वचन आहे: देव एकच आहे असा तुझा विश्वास आहे, बरे करतोस, भुतेही तसा विश्वास धरतात आणि थरथरतात. आमच्या एकेश्वरवादाचा आम्हाला फार अभिमान वाटू लागतो, तेव्हा मला दफनभूमीच्या फाटकाचे कुलूप आठवते.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. शहरांत एका संध्याकाळी कॅथलिक फादर आणि प्रॉटेस्टंट पाळक एका व्यासपीठावर येतात, योहानाच्या १७ व्या अध्यायातील ‘त्या सर्वांनी एक व्हावे’ ही प्रभूची प्रार्थना वाचली जाते, चहा होतो, फोटो निघतो. या कार्यक्रमांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. साठ वर्षांपूर्वी तेवढेही होत नव्हते. माझी सूचना अशी की पुढच्या जानेवारीत महाराष्ट्रातील कॅथलिक धर्मप्रांत, सीएनआयचे डायसिस, मेथडिस्ट, नाझरीन, अलायन्स आणि तयार असतील त्या स्वतंत्र मंडळ्या यांनी त्या आठवड्यात एका कागदावर सह्या कराव्यात. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा आम्ही एकमेकांचा मानू, लग्नासाठी किंवा सभासदत्वासाठी तो पुन्हा मागणार नाही, आणि गावातल्या दफनभूमीत जागा देताना मंडळीचे नाव विचारणार नाही, एवढाच मजकूर त्यात असावा. भारतातील राष्ट्रीय चर्च परिषदेचे कार्यालय नागपुरातच आहे. बैठक बोलवायला दूर जावे लागणार नाही. ज्यांना सही करता येणार नाही त्यांनी कारण लिहून द्यावे, म्हणजे वाद निदान समोरासमोर होईल.

आणि सह्या झाल्या, तर त्या मजकुराची एक प्रत प्रत्येक मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टराच्या पहिल्या पानावर चिकटवावी. दाखला देणारा आणि दाखला तपासणारा, दोघेही तेच रजिस्टर उघडतात.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक,
श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर